थंडीतला पहाटेचा धूर: सुरुवात बंबापासून का करावी

निफाड तालुक्यातील गोदाकाठच्या एका गावातून एका शिक्षिकेने प्रश्न विचारला आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचपासून साडेआठपर्यंत त्यांच्या गावावर धुराचा थर बसून राहतो. सासूबाईंना दमा आहे. घरात गॅस आहे, पण अंघोळीचे पाणी बंबावरच तापते, पारावर शेकोटी असते आणि थंडीची लाट आली की आजूबाजूच्या द्राक्षबागांमध्येही रात्रभर शेकोट्या पेटतात. यातले काय बदलता येईल आणि कोणत्या क्रमाने बदलावे, असे त्यांनी विचारले आहे. गेली तीस वर्षे मी चुली, बंब आणि भट्ट्या यांच्या ज्वलनावर काम करत आलो आहे. त्या अनुभवातून उत्तर देतो आणि माझे मत आधीच सांगतो: गावातील हिवाळी धुराचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी मोजले जाणारे कारण अंघोळीचे पाणी हे आहे, आणि सुरुवात तिथूनच करायला हवी.

आधी धूर पहाटेच का साचतो ते पाहू. दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाते आणि धुरालाही सोबत नेते. हिवाळ्यातील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे टाकून झपाट्याने गार होते आणि तिला चिकटलेली हवाही गार होते. वरची हवा मात्र तुलनेने उबदार राहते. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. खालची जड हवा वर जात नाही, आणि वरच्या उबदार थराचे झाकण बसल्यासारखी स्थिती होते. नदीकाठच्या सखल भागात आजूबाजूच्या उतारांवरची गार हवाही वाहत येऊन साठते, म्हणून निफाडचा पारा नाशिक शहराच्याही खाली जातो. दुपारी हजार-दीड हजार मीटर उंचीपर्यंत पसरू शकणारा धूर पहाटे शे-दोनशे मीटरांत कोंडला जातो. त्यामुळे जे लाकूड दुपारी तीन वाजता जाळले असता कोणाच्या लक्षातही आले नसते, तेच पहाटे सहाला जाळले की शेजाऱ्याच्या खोलीत शिरते.

सरकारी आकड्यांत ही अडचण नीट दिसत नाही, कारण आपल्याकडील हवेचा निर्देशांक पीएम २.५ साठी, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांसाठी, २४ तासांची सरासरी धरतो. एक उदाहरण घ्या. समजा पहाटेचे तीन तास सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरमागे ३०० मायक्रोग्रॅम आहे आणि उरलेले २१ तास ३० आहे. सरासरी निघते ६४. भारताचे २४ तासांचे मानक ६० असल्यामुळे कागदावर ही हवा मानकाच्या जेमतेम वर दिसते. पण आपल्या सासूबाई सरासरी हवेत श्वास घेत नाहीत. त्या नेमक्या त्या तीन तासांत उठतात, अंगणात येतात आणि बंबाशेजारी बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये २४ तासांसाठीची मर्यादा १५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती याच सूक्ष्म कणांचा हृदयावर आणि फुप्फुसांवर होणारा परिणाम पाहून.

लाकडाच्या धुरातील बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात, आणि माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. नाक-घशात न अडकता हे कण फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्यांच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड, बेंझीन, फॉर्मल्डिहाइड आणि बेंझोपायरीनसारखी रसायनेही जातात. घरातील लाकूडफाट्याच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात ठेवले आहे. ‘आपल्या आज्या-पणज्यांनी आयुष्यभर चूल फुंकली, त्यांना काय झाले?’ हा प्रश्न मला प्रत्येक गावात ऐकू येतो. आयुष्यात एकदाही विडी न ओढलेल्या, पण साठीनंतर दहा पावले चालताच धाप लागणाऱ्या स्त्रिया त्याच गावात असतात. त्यांच्या आजाराला आपण वय म्हणतो. पुष्कळदा तो फुप्फुसांचा दीर्घकालीन अडथळ्याचा आजार असतो आणि त्याचे मूळ फुंकणीच्या टोकाशी असते.

आता बंबाकडे वळू. स्वयंपाकासाठी गॅस पोहोचवण्याचे मोठे काम झाले आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यानंतर गावोगावी जोडण्या आल्या. पण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो, म्हणून घरातली बाई चहा-भाजी गॅसवर करते आणि पाणी लाकडावर तापवते. हा तिचा हिशेब चुकीचा नाही. आपण मात्र ‘या घरात गॅस आहे’ अशी नोंद करून पुढे जातो, आणि तिकडे परसात रोज पहाटे दीड तास बंब धुमसत राहतो, तोही हवेवर झाकण बसलेले असताना.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. वीस लिटरची एक बादली १८ अंशांवरून ४२ अंशांपर्यंत तापवायला सुमारे ०.५६ युनिट इतकी उष्णता लागते, म्हणजे पाच माणसांच्या घराला रोज तीन युनिटांच्या आसपास. तेवढ्याच पाण्यासाठी बंबात दोन-तीन किलो सुके लाकूड जाते, कारण बरीचशी उष्णता मधल्या नळकांड्यातून वर निघून जाते. लाकूड ओले असेल तर त्याहून जास्त लागते. शक्य असेल त्या घराने सौर बंब बसवावा, असे मी ठामपणे सांगतो. उत्तर महाराष्ट्रात ज्या महिन्यांत थंडी कडक असते, त्याच महिन्यांत आकाश निरभ्र असते. दिवसा तापलेले पाणी वेष्टन असलेल्या टाकीत पहाटेपर्यंत गरम राहते. चार-पाच माणसांना शंभर लिटरचा संच पुरतो. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर विक्रेत्याला ते आधी सांगून त्याप्रमाणे संच निवडावा. नाहीतर दोन-तीन वर्षांत नळ्यांत क्षार बसतात आणि ‘सोलर चालत नाही’ असा ग्रह गावभर होतो.

सौर बंब परवडत नसेल तर विजेचा रॉड हा दुसरा पर्याय आहे. दीड किलोवॉटचा रॉड एक बादली साधारण अर्ध्या तासात तापवतो. पण रॉड आयएसआय चिन्हाचा असावा, घराचे अर्थिंग तपासलेले असावे, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला कोणीही हात लावू नये. याबाबत हयगय चालत नाही. गावातल्या ओल्या न्हाणीघरात रॉडने माणसे दगावली आहेत.

आणि काही घरांत बंबच राहणार असेल, तर तो कमी धुराने पेटवता येतो. त्यासाठी धूर म्हणजे काय ते एकदा डोळ्यांनी पाहावे. मेणबत्ती पेटवा, मिनिटभर जळू द्या आणि फुंकर मारा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. त्या धुराला, वातीपासून बोटभर वर, पेटती काडी लावा. ज्योत धुरावरून खाली धावत येऊन वात पुन्हा पेटवते. शाळेत हे करून दाखवाल तर मुले जन्मभर विसरणार नाहीत. धूर म्हणजे न जळलेले इंधन आहे. लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग तापल्यावर वायूरूपाने बाहेर पडतो. त्या वायूंना पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर ज्वाळा होते, नाही मिळाली तर धूर होतो. म्हणजे छपरावरून जाणारा धूर हे फुकट गेलेले सरपणसुद्धा आहे. आरोग्याच्या गोष्टी ज्यांना पटत नाहीत, त्यांना हे चटकन पटते.

ओले लाकूड इथेच घात करते. नुकत्या तोडलेल्या बाभळीत निम्म्याच्या जवळपास पाणी असू शकते. ते उकळून जाईपर्यंत ज्वाळा तापतच नाही, आणि तेवढा वेळ वायू न जळता निसटतात. लाकूड सुकले की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. सुक्या असतील तर खणखणीत आवाज येतो, ओल्या असतील तर बोदा येतो. सुक्या लाकडाच्या टोकाला भेगा पडलेल्या असतात, साल सुटलेली असते. ओले लाकूड जळताना त्याच्या टोकाशी पाणी चुरचुरत फेस आणते. सरपण मार्च-एप्रिलमध्ये फोडावे, मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या कराव्यात, जमिनीपासून वीतभर वर रचाव्यात, वरून पत्रा टाकावा आणि बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवाव्यात. पुष्कळ घरांत चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळतात, त्याने आतली ओल आतच राहते.

बंबाची खालची जाळी रोज राखेपासून मोकळी करावी, कारण हवा तिथूनच येते. नळकांडे गच्च भरून वर रॉकेलचा बोळा टाकायची पद्धत सोडावी. आधी बारीक सुक्या झिलप्यांची लखलखीत ज्वाळा करून घ्यावी, मग दोन-दोन ढलप्या टाकत जावे. धूर दिसला की लाकूड वाढवायचे नसते, हवा वाढवायची असते. धुराड्यातली काजळी महिन्यातून एकदा काढावी. आणि बंबात दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, जुन्या चपला, ठिबकच्या तुटक्या नळ्या अजिबात टाकू नयेत. पीव्हीसी पाइपचा तुकडा जाळला तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात, आणि पेटवणारी बाई त्यापासून हातभर अंतरावर असते. उघड्यावर कचरा जाळणे हा दंडनीय प्रकार आहे. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये त्यासाठी ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. पण माझ्या अनुभवात दंडापेक्षा ‘तुमच्या नातवाच्या फुप्फुसात जाते’ हे वाक्य जास्त काम करते.

इथे धुराड्याबद्दल एक खुलासा करतो, कारण आमच्या पिढीने यात चूक केली आहे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला, तेव्हा धूर स्वयंपाकघरातून बाहेर काढणे हेच ध्येय होते. ते योग्यच होते, आणि आजही चूल पेटत असेल तर छपराच्या वर दोन-तीन फूट निघालेले धुराडे हवेच. पण धुराडे धूर कमी करत नाही, त्याची जागा बदलते. वरचे झाकण बसलेले असताना शंभर धुराड्यांनी बाहेर टाकलेला धूर गावातच राहतो आणि खिडकीतून परत येतो. म्हणून मी आता आधी ज्वलन पाहतो, मग धुराडे.

द्राक्षबागांचा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. मणी भरण्याच्या दिवसांत पारा पाच अंशांखाली गेला की मणी तडकण्याची भीती असते. कर्ज काढून उभी केलेली बाग एका रात्रीत हातची जाते, म्हणून शेतकरी बांधावर ओला पालापाचोळा, छाटणीच्या काड्या, कधी जुने टायर पेटवतो. समजूत अशी आहे की धुराचे पांघरूण बागेवर राहते आणि थंडी अडते. ही समजूत शास्त्राला धरून नाही. रात्री जमीन जी उष्णता बाहेर टाकते, ती प्रामुख्याने दहा मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीची असते. धुराचे कण त्याच्या मानाने फारच लहान असल्यामुळे ही उष्णता त्यांच्यातून जवळपास न अडता निघून जाते. सकाळी मात्र तोच धूर उन्हाला अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. म्हणजे उपयोग होतो तो आगीच्या उष्णतेचा, धुराचा नव्हे.

हे एकदा पटले की पद्धत बदलते. एक मोठी होळी केली तर तिची गरम हवा सरळ वर जाऊन वरच्या उबदार थरात मिसळते आणि खालच्या वेलींना काही मिळत नाही. त्याऐवजी ओळींमध्ये ठरावीक अंतरावर, वेलींना धग लागणार नाही अशा बेताने, सुक्या लाकडाच्या छोट्या शेकोट्या केल्या, तर तेवढ्याच इंधनात जास्त ऊब बागेत राहते आणि धूर फार कमी होतो. पेटवताना जाड लाकडे खाली, बारीक झिलप्या वर ठेवून वरून काडी लावावी. जाळ वरून खाली उतरतो आणि खालच्या लाकडातून निघणारा वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो. पारावरच्या शेकोटीलाही हीच रीत लावता येते. सुरुवातीला म्हातारी मंडळी नाक मुरडतात, कारण त्यांची सवय खालून पेटवण्याची असते. दोन दिवस डोळे चुरचुरले नाहीत की तेच दुसऱ्यांना शिकवतात.

शेकोटीच्याही आधी पाण्याचा विचार करावा. विहिरीचे पाणी हिवाळ्यातही वीस अंशांच्या वर असते. पहाटेच्या आधी बागेला दिलेले असे पाणी स्वतःची उष्णता सोडते आणि ओली जमीन दिवसा साठवलेली उष्णता कोरड्या जमिनीपेक्षा चांगली धरून ठेवते. रात्री वीज कोणत्या पाळीत येते यावर हे अवलंबून आहे, याची मला कल्पना आहे. पण गावाने मिळून मागणी करायची असेल, तर थंडीच्या लाटेच्या चार-पाच रात्री शेतीला पहाटे वीज मिळावी ही मागणी बागेसाठीही आहे आणि फुप्फुसांसाठीही. पाणी किती द्यावे हे बागेच्या अवस्थेवर ठरते. ते आपल्या कृषी सहायकांना किंवा मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राला विचारूनच ठरवावे.

छाटणीच्या काड्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ऑक्टोबरच्या छाटणीच्या काड्या बांधावर उघड्या पडून रोज दव पितात, म्हणून डिसेंबरात त्या धुमसतात. शिवाय हंगामभर फवारणी झालेल्या काड्या घरच्या चुलीत किंवा बंबात घालणे मी टाळायला सांगतो. त्यांची कुट्टी करून ती बागेतच कुजवणे हा सर्वांत चांगला उपयोग आहे. पाच-सहा बागायतदारांनी मिळून कुट्टी यंत्र भाड्याने आणले की ते परवडते.

एवढे केल्याने खरेच फरक पडतो का, हे विचारणे रास्त आहे. ऑस्ट्रेलियात टास्मानिया बेटावर लॉन्सेस्टन नावाचे शहर आहे. नदीच्या खोऱ्यात वसलेले, हिवाळ्यात वारा पडणारे, आणि बहुसंख्य घरे लाकडाच्या हीटरवर तापणारी. २००१ मध्ये तिथे हीटर बदलण्यासाठी अनुदान आणि लोकशिक्षण यांची मोहीम निघाली. लाकूड जाळणाऱ्या घरांचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले, आणि हिवाळ्यातील पीएम १० ची (दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांची) सरासरी ४४ मायक्रोग्रॅमवरून २७ वर उतरली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांच्या एकूण मृत्यूंत सुमारे ११ टक्के घट आढळली. शहर लहान असल्याने प्रत्येक आजाराचे वेगळे आकडे तितके पक्के नाहीत, पण दिशा स्पष्ट आहे. तिथे जे बदलले ते घराघरातले उष्णतेचे साधन होते. आपल्याकडे तीच जागा बंबाची आहे.

म्हणून गावात बोलताना पारावरच्या शेकोटीपासून सुरुवात करू नका. ती डोळ्यांत भरते, पण ती एकच असते, आणि तिच्याभोवती बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा तो एकमेव विरंगुळा असतो. तिथे टायर जळणार नाही आणि लाकूड सुके असेल, एवढे ठरले तरी सध्या पुरे. बंब मात्र शंभर-दीडशे असतात. आधी स्वतःच्या घरचा बंब बदला किंवा सुधारा, मग आपल्या आळीतली चार घरे घ्या, आणि पुढच्या हिवाळ्याचे सरपण याच मार्चमध्ये झाकायला लावा. ग्रामसभेत विषय न्यायचा असेल तर आकडे घेऊन जा. कण मोजणारे साधे संवेदक मिळतात, पण धुके असताना ते पाण्याच्या थेंबांनाही कण समजून आकडा फुगवतात. म्हणून धुके नसलेल्या पहाटेच्या नोंदी घ्या आणि दुपारच्या नोंदींशी ताडून पाहा.

सासूबाईंसाठी मात्र पुढच्या हिवाळ्याची वाट पाहू नये. साडेआठ-नऊपर्यंत त्यांच्या खोलीच्या परसाकडच्या खिडक्या बंद ठेवाव्यात आणि ऊन वर आल्यावर, धूर उठला की सगळ्या उघडाव्यात. फिरणे आणि अंघोळ दहानंतर व्हावी. बंब पेटवण्याचे काम त्यांच्याकडे असेल तर आजच काढून घ्या. त्यांना ते आवडणार नाही, तरीही. तोंडाला बांधलेला पदर किंवा ओला रुमाल हे कण अडवत नाही. बाहेर जावेच लागले तर एन-९५ मास्क नीट बसवून वापरावा, पण त्यात दम लागत असेल तर त्यापेक्षा घरात थांबणे बरे. डॉक्टरांनी दिलेला रोजचा इनहेलर बरे वाटते म्हणून बंद करू नये आणि तातडीचा इनहेलर उशाशी ठेवावा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या इनहेलरने आराम पडत नसेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि रात्री उबेसाठी त्यांच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी कधीही ठेवू नका. निखाऱ्याला धूर नसतो म्हणून तो सुरक्षित वाटतो, पण त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गोधडी, पायमोजे, कानटोपी आणि झोपताना पायाशी गरम पाण्याची पिशवी एवढे त्यांना निफाडच्या थंडीत पुरेल.